साचा, प्लास्टिक आणि खेप

एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या आणि एकाच वजनाच्या दोन डिस्क घ्या. काचेच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नजर टेबलाच्या पातळीला आणून आडवं पाहा. पुष्कळदा एकीचा माथा फुगीर दिसतो, दुसरीचा सपाट. एकीच्या कडेची सगळ्यात बाहेरची रेषा टेबलापासून किंचित वर असते, दुसरीची किंचित खाली. अंतर मिलिमीटरच्या एखाद्या हिश्श्याएवढं. पण फेकल्यावर एक डिस्क सरळ जाऊन शेवटी अलगद उतरते आणि दुसरी निम्म्या वाटेतच डावीकडे झुकायला लागते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की डिस्क गोल्फ (फेकायची तबकडी कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायचा खेळ) खेळणाऱ्यांमधला ‘इनोव्हा चांगली की डिस्क्राफ्ट?’ हा दोन कंपन्यांवरचा कायमचा वाद फार मोघम वाटायला लागतो. डिस्क कशी उडेल हे तीन गोष्टी ठरवतात: साचा, प्लास्टिक आणि ती ज्या खेपेत ओतली गेली ती खेप. कंपनीचं नाव त्यानंतर येतं. या खेळाबद्दल मनापासून सांगावंसं वाटतं ते एवढंच, आणि ते नीट सांगायचं तर तपशिलात शिरावं लागतं.

(दिशा सांगताना मी उजव्या हाताने बॅकहँड फेकणारा खेळाडू धरला आहे. डावखुऱ्यांनी आणि उजव्या हाताने फोरहँड टाकणाऱ्यांनी डावं-उजवं उलट समजावं.)

सगळ्या कंपन्या ज्या चौकटीत काम करतात ती मुळातच अरुंद आहे. खेळाची नियामक संघटना पीडीजीए प्रत्येक मॉडेल मोजून मंजूर करते. व्यास किमान २१ सेंटिमीटर हवा. वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम आणि कोणत्याही परिस्थितीत २०० ग्रॅमच्या आत हवं. रिमची, म्हणजे घेराभोवतीच्या जाड कडेची, रुंदी २.६ सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. कडेची गोलाई किमान १.६ मिलिमीटर त्रिज्येची हवी, म्हणजे कुणाला लागली तर चिरत जाणार नाही. डिस्कवर १७५ किंवा १८० असे वजनाचे आकडे का दिसतात याचं उत्तर या गणितात आहे. डिस्क्राफ्टच्या बझचा व्यास २१.७ सेंटिमीटर आहे, म्हणून ती १८० ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. इनोव्हाची डिस्ट्रॉयर त्याहून लहान, म्हणून ती १७५च्या आसपास थांबते. जड डिस्क मिळाली म्हणजे कंपनीने माल सढळ हाताने घातला असं नव्हे, तिचा घेर मोठा असतो.

या चौकटीत खरी उलथापालथ झाली ती १९८३ साली. त्याआधी लोक गोल कडेच्या, फ्रिस्बीसारख्या डिस्कनेच खेळत. एड हेड्रिक यांनी साखळ्यांची बास्केट काढली होती आणि १९७६ मध्ये पीडीजीए स्थापन केली होती, पण फेकायची वस्तू मात्र जुनीच होती. डेव्ह ड्युनिपेस यांनी कडेला उतार दिला, कड पाचरीसारखी निमुळती केली आणि वजन रिमकडे सरकवलं. इनोव्हाची ईगल ही त्या घडणीची पहिली डिस्क. हवा कापत जाणारी कड आणि घेरात साठलेलं वजन यांमुळे अंतर वाढलं, वाऱ्यात टिकाव लागला. आज कुठल्याही कंपनीचा कुठलाही ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, उचला, तो त्या उताराचाच वंशज आहे. इनोव्हाच्या लोकप्रियतेचा मोठा वाटा या पहिलेपणाचा आहे. तो तिने मिळवलेला आहे, फुकटचा नाही. पण त्याचा आजच्या एखाद्या खेपेच्या दर्जाशी काही संबंध नाही.

आता टेबलावरच्या त्या दोन डिस्ककडे परत जाऊ. डिस्क इंजेक्शन मोल्डिंगने बनते. तापवून पातळ केलेलं प्लास्टिक दोन भागांच्या पोलादी साच्यात दाबाने भरतात, थोडं थंड झालं की साचा उघडून डिस्क काढतात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे कडेवर एक रेषा उमटते. तिला पार्टिंग लाइन म्हणतात. डिस्कच्या नाकाचं टोक नेमकं तिथेच येतं. ही रेषा वर असेल तर डिस्क ओव्हरस्टेबल होते, म्हणजे डावीकडे ओढ घेते. खाली असेल तर वेगात असताना उजवीकडे वळायला तयार होते.

साचा एकच असूनही रेषा आणि माथा बदलतात कसे? कारण डिस्क साच्यातून बाहेर आली तरी तिचं आकसणं संपलेलं नसतं. मधला पातळ पत्रा लवकर थंड होतो, जाड रिम सावकाश. पत्रा आधी ताठर होतो, मग रिम आकसत जाते आणि पत्र्याला चहूबाजूंनी दाबते. दाबलेल्या पत्र्याला जायला जागा वरच असते, म्हणून माथा फुगतो. साच्यात डिस्क किती सेकंद ठेवली, साचा किती गरम होता, प्लास्टिक कोणतं होतं, त्यात कोणता रंग मिसळला होता, बाहेर काढल्यावर ती कशावर आणि कशी ठेवली, या प्रत्येक गोष्टीने हा फुगवटा बदलतो. फुगीर माथ्याची डिस्क हवेत जास्त तरंगते. सपाट माथ्याची डिस्क कमी तरंगते आणि शेवटी ठामपणे खाली येते. काही डिस्कचा माथा अंगठ्याने दाबला की टिचकन आत जातो आणि सोडला की वर येतो. खेळाडू अशांना पॉप-टॉप म्हणतात. ते माथ्याला भरपूर फुगवटा असल्याचं लक्षण आहे. अशी डिस्क सदोष नसते, पण ती शेजारच्या सपाट डिस्कसारखी उडेल अशी अपेक्षा धरू नये.

माझ्या लेखी उत्पादनाचा दर्जा म्हणजे एवढंच: आज घेतलेली डिस्क आणि दोन वर्षांनी त्याच नावाने घेतलेली डिस्क किती सारख्या निघतात? चकाकी, ठसा, रंगांचे फटकारे हे सगळं वरचं.

प्लास्टिकबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा आहे. प्रत्येक कंपनीने स्वतःची नावं ठेवली आहेत, पण मागचे गट साधारण तीनच. पहिला गट स्वस्त, पकडीला उत्तम आणि लवकर झिजणारा: इनोव्हाचं डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी, लॅटिट्यूड ६४चं रेट्रो, डायनॅमिक डिस्क्सचं प्राइम. दुसरा गट काचेसारखा पारदर्शक, टणक, दगड-झाडं खाऊनही आकार न सोडणारा: इनोव्हाचं चॅम्पियन, डिस्क्राफ्टचं झी, लॅटिट्यूडचं ऑप्टो, डायनॅमिकचं ल्युसिड, वेस्टसाइडचं व्हीआयपी. तिसरा गट अपारदर्शक, टिकाऊ पण हाताला जरा मऊ, कंपन्यांच्या त्याच क्रमाने: स्टार, ईएसपी, गोल्ड, फ्युझन, टूर्नामेंट. ही कोष्टकं लक्षात ठेवली की निम्मा बाजार समजतो. एकाच साच्यात साधारणपणे दुसऱ्या गटातली डिस्क सर्वांत ओव्हरस्टेबल निघते, तिसऱ्या गटातली जरा सरळ आणि जास्त तरंगणारी, पहिल्या गटातली सुरुवातीला बरी पण थोड्याच वापरात उजवीकडे वळायला लागणारी. ‘साधारणपणे’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण खेप बदलली की हा क्रम मोडलेला दिसतो.

पहिल्या गटाला लोक नाक मुरडतात, ते मला पटत नाही. झिजणं हा त्या प्लास्टिकचा उपयोगही आहे. डीएक्समधली टीबर्ड किंवा रॉक (इनोव्हाच्याच दोन डिस्क) झाडांवर आपटत आपटत नाकाची धार घालवते आणि हळूहळू सरळ, मग उजवीकडे वळणारी होते. एकाच साच्याच्या तीन डिस्क बॅगेत ठेवल्या, एक नवी, एक अर्धी मुरलेली, एक पूर्ण मुरलेली, तर एकाच पकडीत आणि एकाच फेकीत तीन वेगळ्या वाटा मिळतात. टिकाऊ प्लास्टिकमध्ये हेच व्हायला कितीतरी जास्त काळ लागतो. उलट ज्या डिस्कने वर्षानुवर्षं तसंच राहावं अशी गरज असते, उदाहरणार्थ वाऱ्याविरुद्ध टाकायची फायरबर्ड, ती पहिल्या गटात घेणं म्हणजे पैसे पाण्यात. थोड्याच दिवसांत तिचा मूळ स्वभावच उरत नाही.

थंडीत सगळी प्लास्टिकं ताठर होतात. पारदर्शक गटातली गुळगुळीतही होतात आणि जोरात झाडावर आदळली तर तडकू शकतात. अशा हवेत इनोव्हाचं जीस्टार किंवा डिस्क्राफ्टचं झी फ्लेक्स यांसारखी मुद्दाम लवचिक केलेली मिश्रणं कामाला येतात. बंद गाडीत तापून डिस्क वाकडी झाली तर घाबरायचं कारण नाही. नळाच्या कडक गरम पाण्यात मिनिटभर धरायची, हाताने सरळ करायची आणि सपाट जागी वजनाखाली थंड होऊ द्यायची. टिकाऊ प्लास्टिकं बहुतेक वेळा मूळ आकारात परत येतात.

आता कंपन्या. इनोव्हाचं बळ तिच्या साच्यांच्या संख्येत आहे. एव्हिआर, रॉक, लेपर्ड, टीबर्ड, रेथ, डिस्ट्रॉयर ही नावं म्हणजे या खेळाची मोजपट्टीच आहेत. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची डिस्क समजावून सांगायची झाली की लोक यांतलंच नाव घेतात: ‘टीबर्डसारखी, पण जरा सरळ’. कमकुवत बाजू म्हणजे एका नावाखाली चालत आलेला फरक. एव्हिआर घ्या. खालच्या कडेला मणी, म्हणजे बीड असलेली एव्हिआर वेगळी आणि मणी नसलेली वेगळी, आणि दुकानात दोन्ही एव्हिआरच. मणी असलेली डिस्क जास्त काळ ओढ टिकवते, कारण झिजायला तिथे अधिक माल असतो. नसलेली हातातून मोकळी सुटते. हे माहीत नसताना घेतली की ‘मागची अशी नव्हती’ ही तक्रार ठरलेली. डिस्ट्रॉयरसारख्या वेगवान डिस्कमध्ये खेपेचा फरक तर आणखी ठळक दिसतो. एक खेप झपकन डावीकडे वळणारी, दुसरी फुगीर आणि लांब जाणारी. जुने खेळाडू दुकानात माथा दाबून दाबून डिस्क निवडतात ते याचसाठी.

डिस्क्राफ्ट १९७८ पासूनची, आणि तिची मुळं फक्त डिस्क गोल्फमध्ये नाहीत. अल्टिमेट या डिस्कच्या सांघिक खेळात वापरतात ती १७५ ग्रॅमची अल्ट्रा-स्टार तिचीच, आणि अमेरिकेच्या अल्टिमेट संघटनेने १९९१ मध्ये ती अधिकृत केली. गोल्फमध्ये तिचं नाव दोन डिस्कवर उभं आहे. एक बझ: सरळ जाणारी मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क, जिची रिम १.२ सेंटिमीटरच्या आसपास असल्याने लहान हातातही बसते. दुसरी झोन: खोलगट नसलेली, बुटकी, ओव्हरस्टेबल, जवळच्या अंतरावर फोरहँडने टाकायला बेतलेली. बझबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नवशिक्याला आणि जगज्जेत्याला एकच डिस्क सुचवायची वेळ आली तर हीच. कारण तिच्यात दोष लपत नाहीत. हात तिरका सुटला की ती तिरकीच जाते, सरळ सुटला की सरळ. प्लास्टिक बदललं तरी तिचा स्वभाव फारसा हलत नाही, आणि हे ड्रायव्हर बनवण्यापेक्षा मुळीच सोपं नाही.

एमव्हीपी ही मिशिगनमधल्या रिचर्डसन बंधूंची कंपनी. २०१० मध्ये आयन नावाचा पटर (बास्केटजवळून टाकायची डिस्क) घेऊन ती आली, आणि तिने प्रश्न मुळापासून वेगळा धरला. मधला भाग एका प्लास्टिकचा आणि बाहेरचं कडं दुसऱ्या, जड प्लास्टिकचं. आधी गाभा ओततात, मग तो दुसऱ्या साच्यात ठेवून त्याभोवती कडं ओततात. वजन परिघाकडे गेल्याने डिस्कची फिरण्याची जडता वाढते, म्हणजे फिरकी सावकाश कमी होते आणि डिस्क शेवटपर्यंत आपला कोन धरून राहते. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिणाम: कडं बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या मालाचं असतं, त्यामुळे गाभ्याचं प्लास्टिक न्यूट्रॉन असो की प्रोटॉन, नाकाची उंची फारशी बदलत नाही. सातत्य या एका निकषावर ही कंपनी मी सगळ्यात वर ठेवतो. ॲक्सिऑम हा तिचाच रंगीत कड्याचा ब्रँड आणि स्ट्रीमलाइन हा एकाच प्लास्टिकच्या डिस्कचा. उणीव सांगायची तर दोन प्लास्टिकांचा जोड बोटांना जाणवतो. काहींना तो पकडीसाठी आवडतो, काहींना कायम खटकतो. घेण्याआधी हातात धरून पाहण्याला इथे पर्याय नाही.

स्वीडनची लॅटिट्यूड ६४ ही आणखी एक गोष्ट शिकवते. तिचा कारखाना शेलेफ्तेओमध्ये, चौसष्टाव्या अक्षांशाजवळ, आणि नावही त्यावरूनच. फिनलंडची वेस्टसाइड आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याची डायनॅमिक डिस्क्स यांच्याही डिस्क वर्षानुवर्षं इथेच ओतल्या गेल्या. म्हणजे गोल्ड, फ्युझन आणि टूर्नामेंट यांच्यात तुम्हाला जाणवणारा फरक मोठ्या प्रमाणात साच्याचा आणि मिश्रणाच्या प्रमाणाचा, कारखान्याचा नव्हे. तीन ब्रँडचे तीन गट करून भांडणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. या घराण्यातल्या डिस्कचा ग्लाइड, म्हणजे हवेत तरंगत राहण्याची क्षमता, सहसा जास्त असतो. रिव्हर ही फेअरवे ड्रायव्हर (ड्रायव्हरमधली कमी वेगाची) तर ७ वेग आणि ७ ग्लाइड अशी छापलेली आहे, आणि मंद हातालाही ती दूर नेते. पण तोच ग्लाइड वाऱ्यात उलटतो. समोरून वारा असताना रिव्हर बॅगेतच बरी.

डिस्कमेनियाचं उदाहरण याहून बोलकं. जुसी मेरेस्मा यांनी फिनलंडमध्ये २००६ साली ही कंपनी काढली आणि तिच्या डिस्क बरीच वर्षं इनोव्हा बनवत असे. एस-लाइन म्हणजे स्टार, सी-लाइन म्हणजे चॅम्पियन, डी-लाइन म्हणजे डीएक्स. पुढे तो संबंध संपला. इव्होल्यूशन मालिका लॅटिट्यूडकडून आली, ॲक्टिव्ह मालिका चीनमध्ये बनू लागली आणि मूळ नावं नव्या साच्यांतून परत आली. पी२ हा पटर ज्यांच्या हातात मुरलेला होता त्यांना नवा पी२ वेगळा लागला तर त्यात नवल नाही. ठसा तोच, पोलाद वेगळं. इन्फिनिट डिस्क्स आणि मिलेनियम यांच्या डिस्क इनोव्हाच्या कारखान्यातल्या, थॉट स्पेसच्या एमव्हीपीच्या. डिस्क निवडताना ‘कुणी विकली?’ यापेक्षा ‘कुणी ओतली?’ हा प्रश्न नेहमी जास्त उपयोगी पडतो.

कास्टाप्लास्ट लहान कंपनी आहे. मॉडेलं मोजकी आणि के१ प्लास्टिक या व्यवसायातल्या उत्तम प्लास्टिकांपैकी एक: टिकाऊ आणि तरीही ओल्या हातात न निसटणारं. तिचा बर्ग हा पटर १ वेग, १ ग्लाइडचा. तो तरंगतच नाही, म्हणून बास्केटच्या पुढे निघून जाण्याची धास्ती राहत नाही. प्रॉडिजीने नावांऐवजी अक्षर-आकडे वापरले: डी१ सर्वांत ओव्हरस्टेबल, आकडा वाढेल तशी ओढ कमी. पद्धत तर्कशुद्ध आहे, पण खेळाडू आकड्यांवर जीव लावत नाहीत, आणि मला वाटतं त्याची किंमत त्या कंपनीने लोकप्रियतेत मोजली.

डिस्कवर छापलेल्या चार आकड्यांबद्दल एक इशारा. वेग, ग्लाइड, टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं), फेड (वेग ओसरल्यावर डावीकडे झुकणं) ही पद्धत इनोव्हाने रुजवली आणि बाकीच्यांनी उचलली. पीडीजीए डिस्कची मापं तपासते, हे आकडे तपासत नाही. ते ज्या त्या कंपनीचं स्वतःचं मत आहे. डिस्ट्रॉयर १२/५/-१/३ आणि डिस्क्राफ्टची न्यूक १३/५/-१/३ असं वाचून न्यूक बरोबर एक पायरी वेगवान आहे असा हिशेब मांडू नये. एकाच कंपनीच्या दोन डिस्कची तुलना या आकड्यांनी होते, दोन कंपन्यांची नीट होत नाही. त्याऐवजी पीडीजीएच्या मंजुरी यादीत प्रत्येक मॉडेलचा व्यास, उंची, रिमची खोली आणि रिमची रुंदी दिलेली असते, ती पाहावी. रिम साधारण १ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पटर, १.२ ते १.४ मिडरेंज, १.६ ते १.९ फेअरवे ड्रायव्हर, २.१च्या पुढे डिस्टन्स ड्रायव्हर. मापं कुणाच्या मतावर चालत नाहीत. आणखी एक: हे आकडे पुरेशा वेगाने फेकणाऱ्यासाठी आहेत. हात मंद असेल तर टर्न दिसतच नाही, नुसता फेड दिसतो. म्हणून नवशिक्याच्या हातात डिस्ट्रॉयर आणि फायरबर्ड दोन्ही सारख्याच डावीकडे जाऊन पडतात, आणि दोष मात्र कंपनीला लागतो.

मग लोकप्रियता कुठून येते? मोठ्या प्रमाणात खेळाडूंकडून. पॉल मॅकबेथ २०१९ मध्ये इनोव्हा सोडून डिस्क्राफ्टकडे गेला, त्याच वर्षी पाचव्यांदा जगज्जेता झाला आणि २०२१ मध्ये त्याचा १० वर्षांचा, १ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला. त्याच्यासाठी काढलेला ल्यूना पटर आणि त्याच्या नावाच्या बझ बॅगाबॅगांत जाऊन बसल्या. २०२१च्याच जागतिक स्पर्धेत, युटामधल्या ऑग्डनला, शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅडने २४७ फुटांवरून एन्व्ही पटर थेट साखळ्यांत घातला, मॅकबेथशी बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये विजेतेपद घेतलं. एका फेकीने एन्व्हीचं नाव घरोघरी पोचलं. २०२३ मध्ये सायमन लिझोट डिस्कमेनियातून एमव्हीपीकडे गेला आणि त्याच्यामागे चाहतेही गेले. यात गैर काही नाही. लाडका खेळाडू जे टाकतो ते टाकून पाहावंसं वाटणारच. फक्त एवढं ध्यानात असावं, की तो खेळाडू शेकडो डिस्कमधून आपल्या हाताला लागणारी खेप निवडून घेतो. त्याच्या सहीची जी डिस्क तुम्हाला मिळते ती त्या निवडीतून आलेली नसते.

तरी लोकप्रियतेचा एक खराखुरा फायदा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. डिस्क पाण्यात जाते, झुडपात हरवते, झाडावर अडकते. बझ हरवली तर कुठल्याही दुकानात दुसरी मिळते, चार प्लास्टिकांत, पाच वजनांत. दोनशे खेळाडूंनी तिच्याबद्दल काय म्हटलंय ते वाचता येतं. अनोळखी लहान कंपनीची सुंदर डिस्क हरवली तर तीच खेप पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून रोज लागणाऱ्या डिस्क, म्हणजे पटर, मुख्य मिडरेंज, मुख्य फेअरवे, लोकप्रिय साच्यांतून घ्याव्यात आणि प्रयोग बाकीच्या जागांवर करावेत.

आणि एखादी खेप हाताला लागली की तिथेच दोन-तीन घ्याव्यात. ठशाचा आकार, प्लास्टिकचा प्रकार आणि वजन यांवरून खेप साधारण ओळखता येते, पण खात्री टेबलावरच होते. आधी मुरलेली, भरवशाची डिस्क ठेवायची, शेजारी नवी. नाकाची उंची जुळते का पाहायचं, मग माथा. नंतर अंगठा रिमच्या बाहेरून पूर्ण फिरवायचा. साच्याची बारीक, धारदार कोर राहिली असेल तर ती बोटाला लागते. ती बारीक सँडपेपरने घासून काढणं नियमात बसतं, पण उड्डाण बदलण्यासाठी डिस्क जास्त घासली तर ती स्पर्धेत चालत नाही. शेवटी वजन. लिहिलेलं आणि खरं वजन यांत ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक सापडतो आणि हलक्या हाताच्या खेळाडूला चार-पाच ग्रॅम कमी म्हणजे मोठीच मदत असते. १६५ ते १७० ग्रॅममध्ये सुरुवात करायला काहीच हरकत नाही, वारा जोराचा नसेल तर.

दोन कंपन्यांच्या डिस्कची तुलना मैदानावर करायची तर एकाच वर्गातल्या, एकाच गटाच्या प्लास्टिकच्या आणि दोन ग्रॅमच्या आत वजन जुळणाऱ्या डिस्क घ्याव्यात. प्रत्येक डिस्क पाच वेळा, आळीपाळीने टाकावी, सलग पाच नाही, कारण हात तापत जातो आणि शेवटच्या डिस्कला उगीच श्रेय मिळतं. सगळ्या फेकी निम्म्या ताकदीने. पूर्ण ताकदीत कोन दर वेळी बदलतो आणि आपण डिस्कऐवजी स्वतःच्या चुका मोजत बसतो. आधी वाऱ्याच्या दिशेने टाकावं, मग वाऱ्याविरुद्ध. वाऱ्याविरुद्ध प्रत्येक डिस्क अंडरस्टेबल वागते, म्हणजे उजवीकडे वळू पाहते, आणि कोणती आधी डगमगते यावरून नाकाच्या उंचीचा हिशेब टेबलाइतकाच चोख लागतो. सगळ्यात लांब कोणती गेली याकडे पाहू नये. पाचांपैकी चार एकमेकींजवळ कोणत्या पडल्या ते पाहावं.

पटरच्या बाबतीत हे सगळे नियम थोडे ढिले करावेत. दहा मीटरच्या आतून बास्केटमध्ये घालायच्या फेकीला उड्डाणापेक्षा सुटताना बोटांवर होणारा स्पर्श जास्त मोलाचा. मऊ प्लास्टिक साखळ्यांना धरून राहतं, पण उन्हात आणखी मऊ होतं आणि हातातून जरा उशिरा सुटतं. टणक प्लास्टिक सुटतं स्वच्छ, पण बास्केटच्या लोखंडावर लागलं तर लांब उडतं. म्हणूनच लॅटिट्यूडसारख्या कंपन्या एकाच पटरला मऊ, मध्यम आणि टणक अशा तीन प्रतींत काढतात. सरावासाठी तीन-चार पटर घ्यायचे असतील तर सगळे एकाच साच्याचे, एकाच प्रतीचे आणि एकाच रंगाचे घ्यावेत. रंगद्रव्याने प्लास्टिकचा कडकपणा बदलतो, आणि पांढरा पटर व गडद लाल पटर, बाकी सगळं सारखं असूनही, बोटांना वेगळे लागू शकतात.